'टच' हा शब्द 'टँगेरे'च्या घरातला नाहीच? – स्पर्शाच्या इंग्रजी शब्दांचा गोतावळा

उंबरठा

सध्या एक तक्ता सगळीकडे फिरतोय. मधोमध लॅटिन क्रियापद 'टँगेरे', म्हणजे स्पर्श करणे, आणि भोवती फांद्यांवर इंग्रजी शब्द: टच, टॅक्ट, टॅक्टिक्स, टॅक्टाइल, टँजिबल, टँजंट, टँजरीन, काँटॅक्ट, कंटेजियस, कंटिन्जन्ट, कंटॅमिनेट, इंटॅक्ट, इंटिजर, एन्टायर, इंटेग्युमेंट, टेस्ट (चव), टॅक्स, टेक्स्चर, हॅप्टिक. एकूण १९.

यातले काही शब्द नुसत्या दिसण्यावरून कोंबलेत असा दाट संशय आहे. संत्र्याचा आणि स्पर्शाचा काय संबंध? जाणकारांनी सांगावे: खरे नातेवाईक कोणते, आगंतुक कोणते, आणि ओळखायचे कसे?

पाणिनीचा_पाहुणा

आधी उच्चार. लॅटिनचा त दंत्य, म्हणून 'तांगेरे'. टँगेरे हा इंग्रजांनी केलेला उच्चार.

आता धातू. मूळ धातू 'ताग्'. मधला अनुनासिक फक्त वर्तमानकाळी रूपांत येतो. कर्मणी भूतकालवाचक रूपात तो गळतो: 'ताक्तुस'. म्हणून इंग्रजीत दोन रांगा दिसतात. न असलेली रांग टँजंट, टँजिबल, कंटिन्जन्ट यांची, आणि न नसलेली टॅक्ट, काँटॅक्ट, इंटॅक्ट यांची. संस्कृत शिकलेल्यांना हे घरचेच वाटेल. रुधादि गण, म्हणजे मधे न घेणाऱ्या धातूंचा गट, आठवा: युज् (जोडणे) पासून युञ्जन्ति, पण युक्त. लॅटिनमधले त्याचे भावंड 'युंगेरे'. भिद्–भिनत्ति–भिन्न याच्या जोडीला तिकडे 'फिंदेरे', छिद्–छिनत्ति–छिन्न याच्या जोडीला 'स्किंदेरे'. न आत घुसवायची सवय दोन्ही भाषांना एकाच मूळ घरातून मिळाली आहे.

आणि ग् चा क् का झाला? युज् + त = युक्त, तसेच ताग् + तुस = ताक्तुस. पुढे अघोष त आला की मागचा घोष वर्ण अघोष होतो. संधीचाच नियम, फक्त रोममध्ये.

कोरा_कागद

पहिल्याच प्रतिसादात रुधादि गण! खुर्ची पकडून बसलोय.

निरगाठ

तक्त्यातली सगळ्यात मोठी चूक पहिल्याच शब्दाची आहे. 'टच' तांगेरेमधून आलेला नाही. तो इंग्रजीत १३०० च्या आसपास जुन्या फ्रेंचमधल्या 'तोशिए'वरून आला आणि त्याच्या मागे बोली लॅटिनमधले 'तोक्कारे'. त्याचा अर्थ ठोकणे, टकटक करणे. मुळात नुसता आवाज: 'तोक'. आपल्या 'टक्-टक्', 'ठोक'सारखाच ध्वन्यनुकारी शब्द. इटालियनमध्ये आजही तोक्कारे, स्पॅनिशमध्ये 'तोकार'. स्पॅनिशमध्ये दार ठोकायलाही तोकार आणि गिटार वाजवायलाही तोकार. संगीतातली 'तोकाता' ही रचना त्यातलीच. धोक्याच्या घंटेला इंग्रजीत 'टॉक्सिन' म्हणतात (विष नव्हे, वर्णलेखन वेगळे). त्यातही हाच 'तोक', अधिक घंटेचा अर्थ असलेला शब्द.

म्हणजे अर्थाचा प्रवास ठोकण्यापासून हात लावण्याकडे झाला आहे. तांगेरे बोलीभाषेतून मागे पडला आणि त्याच्या जागी हा दांडगा शब्द येऊन बसला.

तिरकस_रेघ

हे जरा ओढूनताणून वाटते. अर्थ एकच, दोन्ही लॅटिन, सुरुवातीला त आहे. मग तांगेरे झिजून टच झाला असे मानायला काय हरकत आहे? भाषेत शब्द झिजतातच की.

निरगाठ

@तिरकस_रेघ, झिजतात, पण वाट्टेल तसे नाही. लॅटिन ते फ्रेंच झीज ठरलेल्या वाटेने होते. तांगेरेसारख्याच घडणीचा 'प्लांगेरे' (ऊर बडवून रडणे) फ्रेंचमध्ये 'प्लँद्र' झाला. 'अत्तिंगेरे' हे तांगेरेचेच उपसर्गवाले रूप. ते फ्रेंचमध्ये 'अतँद्र' झाले आणि इंग्रजीत 'अटेन' म्हणून पोचले. म्हणजे न्ग चे फ्रेंचमध्ये न्द्र होते. 'टच'मधला च हवा असेल तर मागे जोड क आणि पुढे आ लागतो: 'बुक्का'चे 'बूश' (तोंड), 'वाक्का'चे 'वाश' (गाय), 'सिक्कारे'चे 'सेशे' (सुकवणे). तोक्कारेचे 'तूशे' त्याच रांगेत बसते. तांगेरे कितीही झिजवला तरी त्यातून च निघत नाही.

तपासायची रीतही हीच. आजचे इंग्रजी वर्णलेखन बाजूला ठेवायचे आणि सर्वात जुने नोंदलेले रूप घ्यायचे. मग तो शब्द थेट लॅटिन ग्रंथातून उचललाय की फ्रेंच तोंडातून आलाय ते पाहायचे. ग्रंथातून आलेले कोरे करकरीत असतात: काँटॅक्ट, टॅक्टाइल, इंटिजर. तोंडातून आलेले घासलेले असतात: एन्टायर, अटेन. आपल्याकडच्या तत्सम-तद्भवासारखे. 'इंतेगेर' हे मूळ एकच. तत्सम रूप इंटिजर, तद्भव रूप एन्टायर. शब्दकोशात एखाद्या रूपाच्या डोक्यावर तारा असेल तर ते रूप लिखित सापडलेले नाही, अभ्यासकांनी मागे जाऊन बांधलेले आहे. फिरत्या तक्त्यांत हा तारा पहिल्यांदा गळतो.

तिरकस_रेघ

गायीचे उदाहरण पटले. टच मागे घेतो.

सोनकसोटी

टचचा ठोकण्याशी-घासण्याशी असलेला संबंध सराफीत अजून शिल्लक आहे. इंग्रजीत 'टच' म्हणजे सोन्याची शुद्धता असाही जुना अर्थ आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या १३०० सालच्या कायद्यात सोने 'पॅरिसच्या टच'पेक्षा हलके नसावे असे आहे. तो टच म्हणजे १९.२ कॅरेट, शंभरात ८० भाग. आणि टचस्टोन म्हणजे आपला कसोटीचा काळा दगड.

वापर असा. दागिन्यावर बारीक कानस मारून वरचा थर काढायचा, नाहीतर मुलाम्याचाच कस लागतो. झाळ दिलेली जागा टाळायची, कारण झाळ हलक्या सोन्याची असते आणि कस कमी दाखवते. मग दगडावर साधारण दोन सेंटीमीटरची भरीव रेघ ओढायची. शेजारी ठाऊक असलेल्या कॅरेटच्या सुयांच्या रेघा ओढायच्या. सगळ्यांवरून एकाच वेळी तेजाबाची काडी फिरवायची आणि कोणती रेघ कोणत्या वेगाने फिकी पडते ते पाहायचे. नुसत्या नायट्रिक तेजाबाने ९ कॅरेटची रेघ उडते, पण १८ आणि २२ दोन्ही तशाच राहतात. वरच्या कॅरेटमधला फरक पाहायचा तर त्यात थोडे हायड्रोक्लोरिक लागते. रेघ पातळ ओढली की चांगले सोनेही हलके ठरते. नवशिक्याची चूक बहुधा तीच.

या दगडाला संस्कृतात 'निकष' म्हणतात, कष् म्हणजे घासणे. इंग्रजीत टचस्टोनचा अर्थ पुढे 'पारख करायचे माप' असा झाला आणि आपल्याकडे निकषाचाही तोच झाला. सरकारी जाहिरातीत 'पात्रतेचे निकष' वाचताना दगड कुणाला आठवत नाही, एवढेच.

भरली_वांगी

सराफ '९२ टंच' म्हणतात. तो टंच म्हणजे टचच ना?

निरगाठ

@भरली_वांगी, ध्वनी जुळला म्हणून नाते लावायचे तर टँजरीनलाही घरात घ्यावे लागेल. :) टँजरीन हे मोरोक्कोतल्या टँजिअर बंदराच्या नावावरून आलेले विशेषण. फळ त्या बाजूने यायचे. नागपुरी म्हणतो तसेच.

पाणिनीचा_पाहुणा

सोनकसोटी, दगडाबरोबर मडकेही घ्या. परीक्षेचा 'टेस्ट' हा शब्द लॅटिन 'तेस्तुम'वरून आला, म्हणजे मातीचे भांडे. सोने-चांदी गाळून शुद्धता पाहायचे हे भांडे, म्हणून पुढे 'टेस्ट' म्हणजे पारख. म्हणजे इंग्रजीतले पारखीचे दोन शब्द सोनाराच्या दुकानातले: एक दगड, एक मूस. चवीचा टेस्ट मात्र वेगळा. देवनागरीत दोघांचे सोंग एकच झाल्यामुळे घोळ होतो.

डॉ_खोकला

स्पर्शाचा आणखी एक लॅटिन धातू तक्त्यात नाहीच: 'पाल्पारे', हळुवार हात फिरवणे, थोपटणे. त्यातून 'पॅल्पेबल', त्यातून 'पॅल्पेशन' आणि वारंवारता दाखवणाऱ्या रूपातून 'पॅल्पिटेशन', म्हणजे धडधड.

मूळ अर्थातला हळुवारपणा पोट तपासताना अक्षरशः पाळावा लागतो. रुग्ण उताणा, गुडघे थोडे वाकलेले, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. तपासणाऱ्याचा हात गरम हवा. गार हात लागला की पोट आपोआप कडक होते आणि आतले काही कळत नाही. दुखते तिथे हात शेवटी. आधी बोटांच्या पेरांची सपाट बाजू वापरून वरवर, सुमारे १ सेंटीमीटर दाब. मग ४-५ सेंटीमीटर खोल. बोटाचे टोक खुपसायचे नाही. पूर्ण वेळ नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर, पोटावर नाही. दुखले की आधी चेहरा बोलतो. आणि पोटाच्या बाबतीत स्टेथोस्कोप आधी, हात नंतर, कारण दाबादाबीने आतड्यांचे आवाज बदलतात. नाडी बघताना अंगठा वापरला तर स्वतःच्याच अंगठ्याची नाडी लागते. ताप हाताच्या पाठीने बघायचा. तिथली त्वचा पातळ.

मराठीत पाल्पारेला सगळ्यात जवळचा शब्द 'चाचपणे'.

भरली_वांगी

'उमेदवारांची चाचपणी सुरू' ही बातमी आता वेगळीच दिसणार.

आजोळ

चाचपणी ठीक आहे, पण तांगेरेचा खरा मराठी जोडीदार 'लागणे' आहे. कुणी कसा आणला नाही अजून?

संस्कृत लग् म्हणजे चिकटणे, भिडणे. त्याचे भूतकालवाचक 'लग्न', प्राकृतात 'लग्ग', मराठीत 'लागणे'. आता जोड्या लावा. कंटेजन म्हणजे सह-स्पर्श, आपली 'लागण'. कंटिग्युअस म्हणजे भिडलेले, आपले 'लगत'. आणि कंटिन्जन्ट सगळ्यात मजेदार. लॅटिन 'कोंतिंगेरे'चा पहिला अर्थ एकमेकांना भिडणे, दुसरा अर्थ 'वाट्याला येणे, घडणे'. मराठीत नोकरी लागते, निकाल लागतो, मुहूर्त लागतो, लॉटरी लागते, वाट लागते. स्पर्शाच्या क्रियापदाने 'घडणे' सांगायची ही रीत रोमनांचीही होती. म्हणून अर्थसंकल्पातला 'कंटिन्जन्सी फंड', आपला आकस्मिकता निधी, म्हणजे काही लागलेच तर काढायचा पैसा.

शिवाय 'मनाला स्पर्शून गेले' आणि 'मनाला लागले' हे मराठीत उलट अर्थाचे आहेत हेही नोंदवावे. अनुवाद करणाऱ्यांनी 'टचिंग' पाहिले की जपून.

कोरा_कागद

बस लागणे राहिले.

आजोळ

तो शुद्ध कंटेजन. एकाला लागली की मागच्या दोन सीटांना लागते.

डॉ_खोकला

कंटेजनवर एक भर. इटलीतल्या व्हेरोनाचा वैद्य फ्राकास्तोरो याने १५४६ साली कंटेजनवर ग्रंथ लिहिला. त्यात रोग पसरायच्या तीन वाटा: थेट स्पर्शाने, वस्तूंमार्फत, आणि लांबून. वस्तूंसाठी त्याने 'फोमेस' हा शब्द वापरला. अर्थ चकमकीची ठिणगी झेलून धुमसणारे सरपण. कपडा, अंथरूण वरून निर्दोष दिसते पण आत ठिणगी धरून असते. २०२० साली भाजीच्या पिशव्या पुसताना जो 'फोमाइट' शब्द बातम्यांत आला तो हाच.

'इन्फेक्शन'मध्ये मात्र स्पर्श नाही. तिथे 'इन्फिकेरे', बुडवून डाग पाडणे. म्हणून इंग्रजी वैद्यकात दोन शब्द जपून वापरतात. डास चावून होणारा हिवताप इन्फेक्शियस आहे, कंटेजियस नाही. एका माणसाला हात लावून दुसऱ्याला होत नाही. 'स्पर्शजन्य' आणि 'संसर्गजन्य' यांत मराठीत हा फरक ठेवता येतो, वर्तमानपत्रे ठेवत नाहीत.

हिशेबनीस

टँजिबलबद्दल. ताळेबंदात टँजिबल म्हणजे हात लावता येईल अशी मालमत्ता: जमीन, यंत्रे, टेबलखुर्ची. इन्टँजिबल म्हणजे पेटंट, ट्रेडमार्क, संगणक प्रणाली, गुडविल. भारतीय लेखा मानकांत त्याला वेगळे मानकच आहे, क्रमांक ३८. इथे नेहमी होणारी चूक: स्वतःच्या धंद्यात कमावलेले गुडविल पुस्तकात दाखवता येत नाही. दुसरा धंदा विकत घेताना त्याच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेला पैसाच तेवढा गुडविल म्हणून येतो. 'हात लावता येत नाही' म्हणजे 'वाटेल तेवढे लिहा' असे नव्हे.

मराठी प्रतिशब्द 'अमूर्त'. शब्दशः केले असते तर इन्-टँजिबल म्हणजे थेट अ-स्पृश्य. तो शब्द आपल्याकडे कुणासाठी वापरला गेला आणि घटनेच्या १७व्या कलमाने काय रद्द केले हे ठाऊक असताना तो ताळेबंदात कोण घालेल? अमूर्त बरा.

तिरकस_रेघ

गणिताचे कुणी बोलत नाही म्हणून मी. 'टँजंट' हा शब्द भूमितीत रूढ केला डेन्मार्कच्या थॉमस फिंके याने, १५८३ साली. वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करणारी ती टँजंट, कापणारी ती 'सीकंट' (लॅटिन 'सेकारे', कापणे). मराठीत स्पर्शिका आणि छेदिका, तंतोतंत. त्रिकोणमितीतल्या टॅनचे नावही तिथूनच: एकक वर्तुळाला स्पर्शिका काढून कोनाच्या भुजेने तिच्यावर कापलेली लांबी म्हणजे टॅन. ९० अंशाला भुजा स्पर्शिकेला समांतर होते, छेदतच नाही, म्हणून टॅन ९० ला किंमत नसते. हे चित्र वहीत एकदा काढले की सूत्र पाठ करावे लागत नाही.

इंटिजर म्हणजे 'न स्पर्शिलेला', म्हणून अखंड. समोरचा 'फ्रॅक्शन' म्हणजे मोडलेला. आपले पूर्णांक-अपूर्णांक जरा निरस आहेत त्यापुढे.

आजोळ

@तिरकस_रेघ, त्या अर्थाचा शब्द आहे की आपल्याकडे: अक्षत. अ-क्षत, न दुखावलेले. अक्षतांत तुकडा तांदूळ चालत नाही तो त्याचसाठी. तांदळात कणी म्हणजे फ्रॅक्शन.

पाणिनीचा_पाहुणा

इंतेगेरमध्ये 'ताग्'चा 'तेग्' झाला आणि कोंतिंगेरेमध्ये 'तांग्'चा 'तिंग्', हे कुणी विचारले नाही तरी सांगतो. जुन्या लॅटिनमध्ये उपसर्ग लागला की धातूतला ऱ्हस्व आ दुबळा होऊन ए किंवा इ होतो. मग 'कोंताक्तुस'मध्ये आ तसाच का? कारण तिथे तो दीर्घ आहे. ग् चा क् होताना मागचा स्वर लांबला, आणि दीर्घ स्वर दुबळा होत नाही. कार्ल लाखमान या जर्मन पंडिताच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

यातून उंबरठा यांच्या यादीतला एक आगंतुक पकडता येतो. 'इंटेग्युमेंट'मध्येही 'तेग्' दिसतो, पण तो 'तेगेरे', झाकणे, याचा. त्वचेला इंटेग्युमेंट म्हणतात ते स्पर्श करते म्हणून नाही, झाकते म्हणून. प्रोटेक्ट, डिटेक्ट याच घरातले. डिटेक्ट म्हणजे झाकण काढणे. आणि 'तिंगेरे' म्हणजे रंगात बुडवणे, तेही वेगळे: टिंक्चर, टिंट, टिंज. 'टेंट' (डाग, कलंक) हा मात्र संकर आहे. त्यात तिंगेरेचा रंगही मिसळलाय आणि 'अटेन'च्या बाजूने आलेला तांगेरेचा अंशही.

म्युनिककर

जर्मनमध्ये या गोतावळ्याची भलतीच मजा आहे. 'टास्टन' म्हणजे चाचपणे; तो जुन्या फ्रेंच 'तास्ते'वरून आला, ज्यातून इंग्रजीत चवीचा टेस्ट आला. जर्मनांनी हाताचा अर्थ ठेवला, इंग्रजांनी जिभेचा. खुद्द इंग्रजीतही सुरुवातीला टेस्ट म्हणजे हात लावून पाहणे असा अर्थ होता. पियानोची पट्टी म्हणजे 'टास्टे', संगणकाचा कीबोर्ड 'टास्टाटुर'.

आणि 'टाक्ट' म्हणजे संगीतातला ठेका. युरोपात १५व्या-१६व्या शतकात ठेका हाताच्या वरखाली हालचालीने धरत, त्याला लॅटिनमध्ये 'ताक्तुस'च म्हणत. त्याच जर्मन शब्दाचा दुसरा अर्थ वागण्यातला टॅक्ट. ठेका चुकला तरी टाक्ट गेला, पाहुण्यासमोर भलते बोललात तरी टाक्ट गेला.

आजोळ

ताल म्हणजे तळहाताची टाळी. ठेका हातानेच धरायचा हे दोन्हीकडे.

वागण्यातल्या टॅक्टला मराठी शब्द 'पोच'. 'त्याला पोच नाही' म्हणजे टॅक्टलेस. कोशात 'व्यवहारचातुर्य' देतात ते काही खरे नाही. व्यवहारचतुर माणूसही पोच नसलेला असू शकतो.

निरगाठ

पोच मस्त. इंग्रजीत टॅक्ट आधी नुसते स्पर्शज्ञान होते. 'नाजूक प्रसंगी काय करावे याची जाण' हा अर्थ फ्रेंचमधून १९व्या शतकाच्या सुरुवातीला आला.

टॅक्टिक्स मात्र बाहेर. ते ग्रीक 'तास्सेइन', रचणे, मांडणे, विशेषतः सैन्य रांगेत उभे करणे. सिंटॅक्स, टॅक्सॉनॉमी, टॅक्सिडर्मी सगळी त्या घरची. हॅप्टिकही ग्रीक: 'हाप्तेस्थाइ', धरणे, बिलगणे. मेंदूतला 'सिनॅप्स' त्याच धातूचा, १८९७ साली घडवलेला. बायबलमधले 'नोली मे तांगेरे', मला हात लावू नको, हे प्रसिद्ध लॅटिन वाक्य मूळ ग्रीकमध्ये याच हाप्तेस्थाइने आहे. तिथे 'धरून राहू नकोस' अशी छटा आहे ती लॅटिनमध्ये पातळ झाली. वनस्पतिशास्त्रात तेरड्याच्या एका युरोपीय भावंडाचे नाव 'इम्पेशन्स नोली-तांगेरे' आहे, कारण पिकलेल्या बोंडाला बोट लागले की ते फुटून बिया उडतात. लाजाळू वेगळी, तिच्या नावातले 'पुडिका' म्हणजे लाजरी.

टेक्स्चर 'तेक्सेरे'मधून, विणणे. टेक्स्ट, टेक्स्टाइल त्याचेच. मराठी 'पोत' कापडाचा असतो हे आठवले तर चूक होणार नाही.

हिशेबनीस

आणि टॅक्स? तिथे तर सरकारचा हात खिशाला लागतोच. संस्कृतातही कर म्हणजे हात आणि कर म्हणजे टॅक्स.

पाणिनीचा_पाहुणा

कराचा विनोद म्हणून चालेल. :) टॅक्समागे लॅटिन 'ताक्सारे', मोल ठरवणे. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक औलुस गेल्लिउस सांगतो की ताक्सारे म्हणजे तांगेरेच, पण अधिक जोराने आणि वारंवार. वस्तू हाताळून-चाचपून किंमत ठरवणे, असा अर्थ. काही अभ्यासक मात्र त्यामागे वरचेच ग्रीक तास्सेइन पाहतात. मी गेल्लिउसच्या बाजूने आहे, कारण चाचपणी-ते-अंदाज हा अर्थप्रवास मराठीतही झालेला दिसतो. टास्क म्हणजे उलटापालट झालेला टॅक्सच, आणि टॅक्सीही त्याच घरची: भाडे आकारायचे यंत्र ते टॅक्सीमीटर, त्यावरून गाडी टॅक्सी.

निरगाठ

मी ग्रीक बाजूने नाही, पण 'दुसऱ्या शतकातल्या माणसाने सांगितले' हा पुरावा नव्हे. त्या काळचे लोक ध्वनीवरूनच व्युत्पत्त्या लावत. टॅक्सला प्रश्नचिन्हासकट ठेवा. चवीच्या टेस्टलाही; त्याचे मधले रूप ताऱ्याचे आहे.

तिरकस_रेघ

धागा स्पर्शिकेवरून निघाला म्हणून अवांतर: घासण्याचे शब्दही घ्या. 'फ्रिकारे' म्हणजे चोळणे, त्यातून फ्रिक्शन आणि ध्वनिशास्त्रातला 'फ्रिकेटिव्ह', श-स-फ सारखे घासत निघणारे वर्ण. 'तेरेरे' म्हणजे घासून झिजवणे: अॅट्रिशन, डेट्रिमेंट, आणि 'ट्राइट'. ट्राइट म्हणजे घासून गुळगुळीत झालेले. मराठीत आपण घासून गुळगुळीत झालेली उपमा म्हणतो तेव्हा लॅटिनच बोलतो.

पाणिनीचा_पाहुणा

आपल्या व्याकरणात क ते म या २५ वर्णांना 'स्पर्श' म्हणतात: कादयो मावसानाः स्पर्शाः। जीभ किंवा ओठ कुठेतरी पुरते टेकतात म्हणून. इंग्रजीत त्यांतल्या क-ट-प सारख्यांना 'स्टॉप' म्हणतात, श्वास अडला म्हणून. एकाच क्रियेत आपण भेट पाहिली, त्यांनी अडवणूक.

डॉ_खोकला

'टॅक्टाइल' कुणी घेतला नाही म्हणून घरी करता येणारी चाचणी. कागद धरायची तारेची क्लिप उघडून दोन टोके ३ मिलिमीटरवर आणा. समोरच्याने डोळे मिटायचे. बोटाच्या टोकाला लावली की 'दोन' कळतात. तळहातावर सुमारे १ सेंटीमीटर अंतर लागते, पाठीवर ४ सेंटीमीटर किंवा जास्त. दोन्ही टोके एकाच क्षणी, सारख्या दाबाने टेकवा. एक आधी लागले तर वेळेच्या फरकावरूनच दोन ओळखली जातात. मधूनमधून एकच टोक लावा, नाहीतर समोरचा अंदाजाने 'दोन, दोन' म्हणत राहतो. ब्रेलमधल्या ठिपक्यांतले अंतर सुमारे २.५ मिलिमीटर आहे, बोटाच्या टोकाला जेमतेम वेगळे कळेल इतके. तळहाताने ब्रेल वाचता यायचे नाही.

मेट्रो स्थानकांवरच्या पिवळ्या फरश्याही टॅक्टाइलच. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे कड किंवा वळण आहे. जपानमधल्या ओकायामा शहरात १९६७ साली सुरू झाल्या. फरशी बसवणारा पट्ट्या आडव्या लावून मोकळा होतो तेव्हा त्या माणसाला थेट भिंतीकडे नेतात.

भरली_वांगी

मुलांच्या शिवाशिवीला इंग्रजीत 'टॅग' म्हणतात. धातू 'ताग्', खेळ 'टॅग'. आता तरी?

निरगाठ

आता तरी नाही. खेळाचा टॅग १८व्या शतकातला, लॅटिन धातू त्याच्या वाटेला गेलेला नाही. तुमची शिवाशिवी बघा: कपडे शिवणे संस्कृत सिव् पासून, हात शिवणे प्राकृत 'छिवइ'पासून. हेमचंद्राने स्पृश् च्या प्राकृत पर्यायांत 'छिव' दिलाय. मराठीत दोन्ही शिवणे एकसारखे, तरी शिंप्याचा आणि विटाळाचा संबंध कुणी जोडत नाही.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. यादी परत लावली. बाहेर: टच, टॅक्टिक्स, टँजरीन, इंटेग्युमेंट, टेक्स्चर, हॅप्टिक. प्रश्नचिन्हासह: टॅक्स, टेस्ट. उरलेले ११ घरचे. कंटॅमिनेटबद्दल मात्र कुणीच बोलले नाही, तो ठेवू ना?

पाणिनीचा_पाहुणा

ठेवा. 'कोन्' अधिक 'ताग्', मधला ग् पुढच्या म् मुळे गळाला. भावार्थ: हात लागून बाटलेले.

उंबरठा

ठेवला. आता अडचण अशी की तक्त्याचे शीर्षकच 'टच' आहे, आणि तोच बाहेर गेलाय.

आजोळ

'लागण' लिहा.

भरली_वांगी

मग तो तक्ता पुढे कोण पाठवणार?